उंदीर कोणी धरले?

काकूंना 'काकू' हे नाव पडलं तेव्हा त्या फक्त सव्वीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना त्याचा भयंकर राग आला होता. नाव ठेवणारा होता पीएचडी करणारा एक गृहस्थ. वय चौतीस, डोक्यावर एकही केस नाही. तो उंदरांचा पिंजरा हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, हे कुठे ठेवू?"

"डोक्यावर ठेवा," काकू म्हणाल्या, "जागा मोकळीच आहे."

हे उत्तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या इमारतीत पोचलं, आणि उत्तराबरोबर ते नावही पोचलं. पुढची बावीस वर्षं संचालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत आले. सत्तरी गाठलेले हिशेबनीससुद्धा.

काकू एका वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये टेक्निशियन होत्या. मुख्य इमारतीच्या मागे ही एक बसकी वास्तू. तिला दोन दारं, एकामागे एक. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण एखादा उंदीर निसटला तर तो थेट संचालकांच्या खोलीकडेच जातो असा अनुभव होता. आत बारा तास उजेड, बारा तास अंधार, तापमान कायम बावीस. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर पारदर्शक पिंजरे, पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा आणि भुशात पांढरे उंदीर. काकू संध्याकाळी घरी पोचल्या की सासूबाई लांबूनच नाकाला पदर लावायच्या आणि न्हाणीघराकडे बोट दाखवायच्या.

त्या बावीस वर्षांत संस्थेतून एकोणीस जण उंदरांच्या जोरावर डॉक्टर होऊन बाहेर पडले. पिंजरे काकूंचे, वेळापत्रक काकूंचं, रोजच्या नोंदींचं रजिस्टर काकूंचं; कोणत्या दिवशी कोणत्या पिंजऱ्याला कोणी हात लावला त्याची सही त्यात झालीच पाहिजे, नाहीतर काकू दुसऱ्या दिवशी आत सोडायच्या नाहीत. त्या एकोणीस थिसिसच्या सुरुवातीची आभाराची पानं काकूंनी आवडीने वाचली होती. कोणी गाइडचे आभार मानले होते, कोणी आईवडिलांचे, कोणी देवाचे. एका पठ्ठ्याने तर आपल्या स्कूटरचे मानले होते. काकूंचा उल्लेख तिघांनी केला होता, त्यातल्या एकाने 'इतर कर्मचारी' या दोन शब्दांत.

याचं काकूंना काही वाटायचं नाही असं त्या सांगायच्या. ते खोटं होतं.

चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी त्यांनी सोळाव्या उमेदवाराच्या आलेखातली चूक दाखवली. दोन पिंजऱ्यांचे आकडे त्याने उलटे टाकले होते. तो हसून म्हणाला, "काकू, उंदीर तुम्ही बघा, आकडे आम्ही बघतो." काकूंनी नोकरी सांभाळून एम.एस्सी. कधीच केलं होतं, फक्त ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी पीएचडीचा अर्ज भरला. सोळावा डॉक्टर झाला, पण चूक दुरुस्त करूनच झाला, कारण काकूंनी त्याला दोन दिवस पिंजऱ्याजवळ फिरकू दिलं नाही.

गाइड म्हणून त्यांनी सरांना निवडलं. सर त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याच्या सात वर्षं आधी याच अ‍ॅनिमल हाउसमध्ये पीएचडी करून गेलेले, एकोणिसांपैकी अकरावे. एका झाडाच्या सालीतलं द्रव्य मलमात घातलं की उंदराची जखम तीन दिवस लवकर भरते, हा त्यांचा शोध. त्या शोधावर त्यांना प्रयोगशाळा मिळाली, खुर्ची मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. तो फोटो चौकटीत बसून अजूनही त्यांच्या टेबलामागे लटकत होता. माणूस चांगला, पण आपल्या मलमाबद्दल कोणी शंका काढली की चेहरा असा व्हायचा की जणू कोणी त्यांच्या मुलीला काळी म्हटलंय. काकूंचा विषय त्याच मलमाचा: किती प्रमाणात लावलं तर सगळ्यात चांगलं.

घरी या पीएचडीमुळे जो गोंधळ उडाला तो वेगळाच. सासूबाईंनी शेजारीपाजारी जाहीर केलं की सून डॉक्टर होते आहे. पुढच्याच रविवारी दारात तीन गुडघे, एक पाठदुखी आणि एक जुना खोकला हजर. काकूंनी समजावून सांगितलं की हे डॉक्टर वेगळे. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि जिन्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं, "अजून शिकतेय, म्हणून लाजते." त्यानंतर काकूंनी हात टेकले आणि गुडघेवाल्यांना 'चालत राहा' असं सांगायला सुरुवात केली. दोघींचे गुडघे खरंच सुधारले, आणि मग तर बोलायलाच नको.

मुलगी कॉलेजात होती. ती म्हणायची, "आई, आपल्या घरात आता मला कोणी अभ्यास कर म्हणतच नाही. सगळे तुलाच म्हणतात." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. बोलणं मोजकं, ऐकणं भरपूर. काकूंनी जेवताना उंदरांच्या जखमांचं वर्णन सुरू केलं तरी ते घास न अडता ऐकत, एवढा एक गुण पुरेसा होता.

अशी सात वर्षं गेली. मुदतवाढ एकदा मिळाली, दुसऱ्यांदा मिळाली. तिसऱ्यांदा गेल्यावर विद्यापीठातल्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "मागची होती तीच शेवटची. या वर्षअखेरपर्यंत तोंडी परीक्षा झाली तर झाली, नाहीतर नोंदणी रद्द. मग सगळं पहिल्यापासून." काकू अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. पहिल्यापासून याचा अर्थ त्यांना नीट समजला.

तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. निकाल झकास होते. औषधाचं मलम लावलेल्या उंदरांची जखम नऊ दिवसांत भरत होती, साध्या मलमाच्या उंदरांची बारा दिवसांत. साधं मलम म्हणजे दिसायला तेच, फक्त त्यात औषध नाही; तुलना करायला ते लागतंच. सबमिशनआधी समितीने एवढंच सांगितलं, की हा प्रयोग एकदा पुन्हा करून दाखवा. काकूंनी पिंजरे मांडले, जखमा मोजल्या, आणि नेमकं त्याच वेळी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवसांची रजा घ्यावी लागली. सगळं काम पहिलवानांवर सोडून काकू घरी गेल्या.

पहिलवान हे अ‍ॅनिमल हाउसमधले दुसरे टेक्निशियन. पन्नाशीचे, नव्वद किलोचे, मिशा पिळलेल्या. तरुणपणी कुस्ती खेळत, आता फक्त त्याबद्दल बोलत. कामाला चोख. आजवर कधी नोंद चुकवली नाही, कधी पिंजरा उघडा राहिला नाही.

काकू रजेवरून परतल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. औषधाचे उंदीर बारा दिवस. साधे उंदीर बारा दिवस. फरक शून्य.

"पहिलवान," काकू म्हणाल्या, "तुम्ही डब्या अदलाबदल केल्या."

"नाही केल्या."

"मग विसरलात लावायला."

"काकू," पहिलवान मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मी कुस्तीत हरलोय, पण मलम लावायला विसरलो नाही. सह्या बघा."

सह्या जागेवर होत्या. डब्यांवरचे क्रमांक बरोबर होते. मग काकूंनी डोळ्यांत तेल घालून सगळं तपासायला घेतलं. दिव्याचं घड्याळ, तापमान, खाद्याची पोती, पाण्याच्या बाटल्या, भुसा कोणत्या तारखेला आला. मोजमापाची पारदर्शक पट्टीसुद्धा त्यांनी दुसऱ्या पट्टीवर ठेवून बघितली. मलमाची नवी खेप सरांनीच बनवली होती, म्हणून ती चुकली असेल असा संशय त्यांनी सरांसमोर हळूच मांडला. सरांचा चेहरा पुन्हा मुलीला काळी म्हटल्यासारखा झाला. काकू तिथून निघाल्या.

त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी सगळी कहाणी नवऱ्याला सांगितली. नवरा म्हणाला, "आमच्या दुकानात पण असंच होतं."

"तुमच्याकडे उंदीर आहेत?"

"गिऱ्हाईक आहे. तोच नंबर, तीच काच. मी माझ्या हाताने नाकावर चष्मा चढवला की म्हणतं, वा, काय छान दिसतंय. धाकट्या भावाने चढवला की परत येतं, डोकं दुखतं म्हणून. तो कानाला ओरबाडतो ना."

काकूंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या अ‍ॅनिमल हाउसच्या दाराला असलेल्या छोट्या काचेतून आत बघत उभ्या राहिल्या. पहिलवानांनी पिंजरा उघडला, शेपटी चिमटीत पकडली, उंदीर चटकन हवेत उचलला, मलम लावलं, परत सोडला. पुढचा. झटपट, चुकीला जागा नाही. पुस्तकात हीच पद्धत दिलेली असते, सगळीकडे असंच शिकवतात. उंदीर हवेत चारही पाय झाडत होता आणि परत पिंजऱ्यात गेल्यावर कोपऱ्यात अंग चोरून बसत होता.

काकूंनी कधी उंदीर शेपटीने उचललाच नव्हता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी शेपटीला धरलेल्या एका उंदराकडे बघितलं होतं आणि त्यांना त्याची दया आली होती. तेव्हापासून त्या पिंजऱ्यात पुठ्ठ्याची नळी ठेवायच्या. उंदीर नळीत शिरला की नळीसकट उचलायचा आणि ओंजळीत उतरवायचा. वर "या बाळा, आज काय म्हणतंय अंग" वगैरे बडबड. त्यांचे उंदीर त्यांच्या हातात बसून तोंड धुवायचे.

आता कोणी म्हणेल, यात काय एवढं? काय एवढं ते काकूंना एका क्षणात कळलं. सात वर्षं त्यांनी कामाची वाटणी कशी केली होती? औषधाचे पिंजरे महत्त्वाचे, म्हणून ते स्वतः बघायच्या. साधे पिंजरे काय, नुसते तुलनेला, ते पहिलवान बघायचे. सात वर्षं सगळे आकडे याच वाटणीतून आले होते. प्रत्येक समितीने औषध किती, तापमान किती, उंदीर कोणत्या वयाचे हे सगळं विचारलं होतं. उंदीर कोण धरतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि काकूंच्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

आणि रजेच्या दिवसांत दोन्हीकडे पहिलवानच होते.

काकूंपुढे आता दोन वाटा होत्या. जुने आकडे सुंदर होते. ते देऊन मोकळं व्हायचं, नवा प्रयोग 'रजेमुळे बिघडला' म्हणायचं, कोणाला कळलं नसतं. एक संपूर्ण दुपार त्यांनी या वाटेचा विचार केला. नाही केला असं म्हणून मी त्यांना उगाच देवघरात बसवणार नाही. त्यांना ती पदवी मनापासून हवी होती. पण मग त्यांनी आठ रिकामे पिंजरे खाली काढले.

चार पिंजरे काकूंच्या हातात, चार पहिलवानांच्या. प्रत्येकाच्या चारांपैकी दोन पिंजऱ्यांना औषधाचं मलम, दोन पिंजऱ्यांना साधं. पहिलवानांना कारण सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. "म्हणजे माझा हात वाईट?" काकू म्हणाल्या, "हात चांगला आहे हो. शेपटी वाईट." हे त्यांनी विचार करून मान्य केलं.

नवव्या दिवशी काकूंच्या चारही पिंजऱ्यांतल्या जखमा भरल्या. औषधाच्याही, साध्याही. पहिलवानांच्या चारही पिंजऱ्यांना बारा दिवस लागले. औषधाच्याही, साध्याही.

म्हणजे मलमात काहीच नव्हतं; जे होतं ते उंदराला न भेदरवता धरण्यात होतं.

हे सरांना सांगायचं कसं? सरळ सांगितलं तर ते तापमानाला दोष देणार, काकूंना ते पुरतं माहीत होतं. म्हणून त्यांनी आठही पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर काळी पट्टी चिकटवली, नवव्या दिवसाच्या जखमांचे फोटो प्रत्येक पिंजऱ्यासमोर मांडले आणि सरांना बोलावून आणलं.

"सर, यातल्या चार पिंजऱ्यांना तुमचं मलम लावलंय. ओळखा बघू."

सर खुशीत आले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, आणि सरळ काकूंच्या चार पिंजऱ्यांवर बोट ठेवलं. "हे. हे. हे. आणि हे. काकू, यात ओळखायचं काय? आंधळासुद्धा सांगेल."

काकूंनी एकेक पट्टी सोलली. औषध. साधं. साधं. औषध.

सर म्हणाले, तापमान. काकूंनी तापमानाचा कागद पुढे केला. सर म्हणाले, चिठ्ठ्या चुकल्या. काकूंनी रजिस्टर पुढे केलं. मग त्यांनी शांतपणे नळी, शेपटी, वाटणी, सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मध्येच त्यांचा चेहरा पडला, आणि ते खाद्याच्या पोत्यावर बसले.

"काकू," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वेळी..."

"हो," काकू म्हणाल्या. त्यांनाही ते आदल्याच दिवशी आठवलं होतं. सरांना उंदरांची भीती वाटायची. तेव्हा विद्यार्थी असलेले सर रोज सकाळी दारात उभे राहून म्हणायचे, काकू, औषधाचे तुम्ही धरा, साधे मी कसेबसे उरकतो. आणि ते उरकायचे, दोन बोटांच्या चिमटीत शेपटी धरून, तोंड दुसरीकडे करून. हे फक्त काकूंना माहीत होतं. "औषधाचे मी धरले होते. साधे तुम्ही."

चौदा वर्षांची प्रयोगशाळा, खुर्ची आणि चौकटीतला तो फोटो एकाच वाक्यात धोक्यात आला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, जुनेच आकडे द्या. काकू म्हणाल्या, "मग मी सबमिटच करत नाही." सर म्हणाले, "सात वर्षं पाण्यात जातील." काकू म्हणाल्या, "जाऊ देत, मला पोहता येतं." बाहेर पडून जिन्यात त्यांनी कठड्याला घट्ट धरलं, कारण त्यांना पोहता येत नव्हतं आणि रडूही येत होतं.

चार दिवस सर खोलीबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी ते स्वतः अ‍ॅनिमल हाउसमध्ये आले, मांडणीपासून हातभर लांब उभे राहिले. "तुमचं खरं आहे. लिहा. मी सही करतो," ते म्हणाले. "फक्त एक करा, काकू. माझ्या थिसिसचं नाव कुठे काढू नका. घरी बायकोलासुद्धा मी अजून सांगितलेलं नाही."

"नाही काढणार," काकू म्हणाल्या. "वचन."

त्यांनी एकोणीस दिवसांत थिसिस पुन्हा लिहिला. शीर्षक बदलायला समितीची परवानगी लागते आणि समिती दोन महिने घेते, म्हणून शीर्षक तेच राहिलं: अमुक द्रव्याचा जखमा भरण्यावर होणारा परिणाम. एकशे साठ पानांनंतर निष्कर्ष होता: होत नाही. खरा ऐवज चौथ्या प्रकरणात होता, आणि तिथे पहिल्या ओळीत काकूंनी लिहिलं होतं की चूक आपली आहे.

तोंडी परीक्षा वर्षअखेरच्या दहा दिवस आधी ठरली. लांबट खोली, मधे टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, मागे भिंतीला लावलेल्या खुर्च्या. परीक्षा सगळ्यांना खुली असते, त्यामुळे मागच्या रांगेत नवरा, मुलगी, इस्त्रीचा शर्ट घातलेले पहिलवान आणि काळा चष्मा लावलेल्या सासूबाई बसल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे पंचाहत्तरीचे एक बारीक गृहस्थ. त्यांनी थिसिस शेवटापर्यंत वाचला होता, हे पानोपानी केलेल्या पेन्सिलीच्या खुणांवरून दिसत होतं. असे परीक्षक सगळ्यात धोक्याचे.

तासभर त्यांनी प्रश्न विचारले आणि काकूंनी उत्तरं दिली. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, मला तुमचं म्हणणं पटलंय," ते म्हणाले. "पण पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. आठ पिंजरे. दोन माणसं. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला हे मागे बसलेले गृहस्थ. त्यांच्या हाताला वास येत असेल, त्यांची मिशी उंदरांना आवडत नसेल. तिसऱ्या कोणाच्या हातचे आकडे आहेत का? दुसऱ्या वेळचे? असतील तर आज दाखवा. नसतील तर आणखी एक वर्ष काम करा आणि या."

"आणखी?" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

काकूंकडे एक वर्ष नव्हतं. दहा दिवस होते. आणि तिसऱ्या हातचे आकडे होते. अ‍ॅनिमल हाउसच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, चौदा वर्षांपूर्वीचं रजिस्टर. रोजच्या दोन सह्या: औषधाच्या पिंजऱ्यांपुढे काकूंची, साध्या पिंजऱ्यांपुढे सरांची. पुढे सगळी मोजमापं. तेच तीन दिवसांचं अंतर. काकूंनी टेबलाकडे बघितलं. सरांकडे त्यांनी मुद्दामच बघितलं नाही.

"नाही, सर," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "दुसरे आकडे नाहीत."

परीक्षकांनी मान हलवली आणि फॉर्म पुढे ओढला.

"आहेत," सर म्हणाले.

ते उभे राहिले होते. "काकू, कपाटाची किल्ली द्या."

"किल्ली हरवलीय, सर."

"तुमच्या गळ्यात आहे."

काकूंनी गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं. त्याच दोरीला किल्ली होती, ती सगळ्यांना दिसत होती. "ही दुसरी आहे," त्या म्हणाल्या. "सर, बसा तुम्ही. कृपा करून बसा."

सरांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. परीक्षक एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. शेवटी काकूंनी दोरी गळ्यातून काढली.

सर किल्ली घेऊन गेले आणि कपाट उघडून परत आले. त्यांनी धुळीने माखलेलं रजिस्टर परीक्षकांपुढे उघडून ठेवलं आणि शेजारी स्वतःचा थिसिस ठेवला, लाल कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा.

"ही सही कोणाची?" परीक्षकांनी विचारलं.

"माझी. औषधाचे उंदीर यांनी धरले. साधे मी. मला उंदरांची भीती वाटते." सरांनी घसा साफ केला. "शेपटीने उचलायचो. बघायचोसुद्धा नाही."

"तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? तुमचं ते मलम..."

"तेव्हाही चाललं नव्हतं," सर म्हणाले. "हे सगळं यांच्या थिसिसला जोडा. तिसरा हात माझा आहे."

परीक्षकांनी पानं उलटायला सुरुवात केली. तारखा बघितल्या, आकडे पेन्सिलीने कागदावर उतरवले, बेरीज केली, पुन्हा केली. त्याला चांगली वीस मिनिटं लागली. मग त्यांनी फॉर्मवर सही केली आणि तो फिरवून सरांपुढे सरकवला. मागच्या रांगेत पहिलवानांनी टाळी वाजवली आणि एकट्यानेच वाजवल्याचं लक्षात येऊन हात मांडीखाली घातले. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

काकू टेबलाला वळसा घालून सरांजवळ गेल्या.

"सर, मी कोणाला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वचन पाळलं होतं मी."

"माहीत आहे," सर सही करता करता म्हणाले. "तुम्ही गप्प बसलात, म्हणून तर मला उठावं लागलं."

काकूंनी तिथेच, सगळ्यांच्या देखत, डोळ्यांना रुमाल लावला.